सिंधू ढोबळेची शाळा

सिंधू ढोबळेचा मी आयुष्यभर हेवा केला. आणि यातली गंमत ऐका, परीक्षेत मी कायम तिच्या पुढे होते. पहिला नंबर माझा, मेडल माझं, एम.डी.ची जागा माझी, पुढे त्याच कॉलेजात मेडिसिनच्या प्रोफेसरची खुर्चीही माझी. तिचं नाव यादीत मधे कुठेतरी असायचं, बोट फिरवून शोधावं लागायचं. तरी जळले मीच. हेवा म्हणे आपल्याहून वरच्याचा वाटतो! असं म्हणणाऱ्यांची सिंधूशी गाठ पडलेली नसणार.

तिचा विषय पुन्हा निघाला तो माझ्या लेकीमुळे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मीनल मेडिकलच्या दुसऱ्या परीक्षेत, पॅथॉलॉजीत, लागोपाठ दोनदा नापास झाली. प्रोफेसरबाईंची मुलगी! मी व्हरांड्यातून जाऊ लागले की लोक आवाज खाली करायचे. मी तिला शिकवलं नव्हतं असं नाही. माझ्या पद्धतीनं शिकवलं, म्हणजे पहाटे उठवायचं, पान उघडायचं आणि घडाघडा म्हणून घ्यायचं. ती म्हणायची, मधे मधे रडायची आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं की पार कोरी व्हायची. दुसऱ्या निकालानंतर जेवताना ती अगदी शांतपणे बोलली. "आई, आणखी एकदा बसते. नाही झालं तर मेडिकल सोडून देणार. पण आता तुझ्याकडे नाही शिकायचं मला. सिंधूमावशीकडे जाऊ?"

घास हातातच राहिला माझ्या. अख्ख्या नागपुरात पॅथॉलॉजी शिकवणाऱ्यांचा काय दुष्काळ पडला होता? हिला सिंधूच सापडावी? पण पोरीचं आयुष्य पणाला लागलं होतं आणि माझे सगळे उपाय करून झाले होते. "जा," म्हटलं. एवढंच म्हटलं, आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली.

सिंधू नागपूरजवळच्या सावनेरची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी एकाच वर्षी मेडिकलला लागलो आणि लेडीज होस्टेलात शेजारशेजारच्या खोल्यांत आलो. मी नागपुरातल्याच धंतोलीची. घर एवढं जवळ असूनही वडिलांनी मला होस्टेलात ठेवलं ते अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. सिंधू उंच, हाडापेरानं मोठी, तेलानं चप्प बसवलेले केस, जाड भिंगाचा चष्मा. चालायची तर चपलांचा असा आवाज की दोन मजले कळावं, ढोबळेबाई निघाल्या. तिची एक लकब सगळ्यांना पाठ होती. कुणी काही समजावून सांगायला लागलं की ती चष्मा काढायची, पदरानं सावकाश पुसायची, परत घालायची आणि म्हणायची, "नाही समजलं. आता पुन्हा सांग."

हे ती कुणालाही म्हणायची. मेसच्या बाईला म्हणायची, डीनना म्हणायची. लाज म्हणून काही नव्हतीच. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही गळा उघडला होता. अॅनाटॉमीचे सर मोठे कडक, त्यांच्यापुढे शिंकायची सोय नव्हती. ते स्वरयंत्राची नस दाखवत होते. ही नस मेंदूकडून खाली उतरते, गळ्यापाशी न थांबता डाव्या बाजूला थेट छातीत जाते, तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग परत वर गळ्यात येते. मला ते पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर दिसत होतं, डावीकडचं, चित्राच्या खालचा परिच्छेद. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सर, नाही समजलं."

"काय नाही समजलं?"

सिंधू इंग्रजीत सुरू करायची आणि अडली की तिची गाडी सावनेरच्या रुळावर यायची. "सर, तिले गळ्यातच जायचं हाये ना? मंग ती छातीत काहून उतरली? सीताबर्डीहून बाजूच्या धंतोलीले जाच्यासाठी कोनी तिकडं दूर कळमेश्वरले जाऊन येते काय?"

सगळा हॉल खो खो हसला. मी सगळ्यांत जोरात हसले. सर मात्र हसले नाहीत. हातातला चिमटा खाली ठेवून म्हणाले, "उद्या सांगतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूनं चित्रं काढून सांगितलं. गर्भात हृदय आधी गळ्यापाशी असतं, मग ते खाली सरकतं, आणि सरकताना त्या नसेला आपल्या वाहिनीत अडकवून बरोबर ओढून नेतं. तासभर बोलले. सिंधूकडे पाहून बोलले. माझ्याकडे त्यांनी वर्षभरात कधी तसं पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या विषयात सगळ्यात जास्त मार्क मला होते!

आता तुम्ही म्हणाल, अशी हुशार मुलगी, मग मागे का? सांगते ना. परीक्षेत पाच प्रश्न असायचे. सिंधूला एखादा प्रश्न आवडला की ती त्यातच रमायची. असं का, तसं का नाही, हे सगळं लिहीत बसायची. घंटा व्हायची तेव्हा तिचे तीनच प्रश्न झालेले असायचे. मी पाचही प्रश्न लिहायचे, प्रत्येकाला सारखा वेळ, मथळ्याखाली रेघ, चित्राला नावं. कोणते परीक्षक काय विचारतात, कुणाला चित्र आवडतं, कुणाला व्याख्या तोंडपाठ लागते, सगळं मला माहीत. परीक्षा कशी द्यायची असते ते मला येत होतं, तिला नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारायचे, "काय गं, किती सोडवलेस?" तर म्हणायची, "शालू, तो किडनीचा प्रश्न भारीच होता वं! मले लिहिता लिहिता समजलं." परीक्षेत समजलं म्हणे! आमचं सगळं समजून घरीच झालेलं असायचं, आणि परीक्षा झाली की आठवड्यात उडूनही जायचं, ते सोडा.

तिचा अभ्यास म्हणजे बडबड. एकटीनं वाचलेलं तिच्या डोक्यात राहतच नसे. कुणाला तरी सांगायला लागायचं. संध्याकाळ झाली की तिच्या खोलीत नापास झालेल्या मुली जमायच्या, आमच्या पुढच्या वर्षातल्यासुद्धा. मी त्याला सिंधूची शाळा म्हणायचे, नाक मुरडून. मेसमध्ये ताटात वरण घेऊन त्यात बोटानं किडनीची नळी काढायची, "पाह्य, इथून मीठ वापस चाललं, इथून पानी," आणि तिच्याभोवती मुली अशा वाकलेल्या की जणू लग्नातलं रुखवत पाहत आहेत. वरण थंड व्हायचं. माझं ताट मी दुसऱ्या टोकाला गरम गरम संपवायचे.

एकदा न राहवून मी म्हटलं, "तू स्वतःचा अभ्यास कधी करतेस गं? सगळं दुसऱ्यांना वाटत सुटतेस. उद्या याच तुझ्या पुढे जातील."

"जाऊ दे ना, बाप्पा. माही माय शिकली नाही ना वं. शाळेतून आली का मले विचारे, आज काय शिकली? सांगितलं का म्हणे, नाही समजलं, पुन्हा सांग. तिले समजेपर्यंत सोडे नाही. तिले समजलं का मले समजलेलं राहे. अजून तशीच सवय हाये. समोर कोनी नसलं तं माह्यं डोकं चालतच नाही."

माझी आई बी.ए. होती, त्या काळातली. मी शाळेतून आले की तीही विचारायची. किती मिळाले, असं विचारायची. एक मार्क गेला असला तर तो कुठे गेला, असं विचारायची. सिंधूनं तिच्या मायची गोष्ट सांगितली त्या दिवशी मला त्या सावनेरच्या न पाहिलेल्या बाईचा असा राग आला, की विचारू नका.

शेवटच्या वर्षी मात्र चित्र पालटू लागलं. वॉर्डात जायला लागल्यावर सिंधूची ती बडबड कामी येऊ लागली. पेशंटलाच ती त्याचा रोग समजावून सांगायची, आणि सांगता सांगता स्वतः शिकायची. आम्ही पेशंटची छाती तपासून पुढे जायचो, ही त्याच्या खाटेवर बसून चष्मा पुसत असायची. आमचे मेडिसिनचे चीफ राउंडला अवघड प्रश्न टाकायचे तो हळूहळू तिच्याकडे पाहून टाकू लागले. मेडिसिनमध्ये जो पहिला येईल त्याला त्यांच्या युनिटमध्ये हाउस जॉब, म्हणजे वॉर्डातली पहिली नोकरी, आणि पुढे एम.डी., हे ठरलेलं. ती जागा माझी होती. पहिल्या वर्षापासून मी ती माझी मानली होती. आणि आता मला पहिल्यांदा भीती वाटू लागली की ती या चपला आपटणारीकडे जाणार.

इथे परीक्षेच्या पेशंटांबद्दल सांगायला हवं. ज्यांचा आजार छातीवर नळी ठेवताच ऐकू येतो, अशा जुन्या पेशंटांना परीक्षेच्या वेळी मुद्दाम गावाहून बोलावत. येण्याजाण्याचा खर्च, दोन वेळचं जेवण, वर परीक्षार्थींचा चहा. असे पेशंट वर्षानुवर्षं येऊन पक्के तयार झालेले असत. विद्यार्थी घाबरून नळी लावत असला की हळूच पुटपुटत, "झडप हाये जी, डावी." आणि परीक्षक आले की डोळे मिटून पडत, जसं काही माहीतच नाही. हा अलिखित करार होता, आणि तो कुणी मोडत नसे. आमच्यापैकी कुणाला आपली केस आधी माहीत नव्हती? सगळ्यांना होती.

सिंधूच्या वाट्याला आला कळमेश्वरचा लक्ष्मण, हृदयाची झडप आकसलेला. हा त्या वर्षी महिनाभर वॉर्डात राहून गेलेला, म्हणजे सिंधूच्या शाळेतला विद्यार्थीच. माझ्या पेशंटची खाट शेजारचीच. बाहेरगावचे परीक्षक आले, मोठे गंभीर गृहस्थ, शुद्ध मराठी बोलणारे. सिंधूनं केस सुरेख सांगितली. मी माझ्या पेशंटला सोडून तिचंच ऐकत होते. मग त्यांनी तिला विचारलं, "या माणसाला आडवं झाल्यावर दम का लागतो?"

सिंधू तोंड उघडणार, एवढ्यात लक्ष्मण उठून बसला. "साहेब, मी सांगू का जी?"

परीक्षकांना कळेना काय चाललंय. तोवर याचं सुरूही झालं. "काळजाले चार खोल्या राहते जी. मधात कवाडं. माह्यं एक कवाड चिकटून गेलं, अर्धंच उघडते. माणूस आडवा झाला का पायाकडचं रगत वर येते, आन् कवाड तं अर्धंच. मंग ते मागं फुफ्फुसात तुंबते. म्हनून दम लागते. उशी घेऊन बसलं का बरं वाटते."

एक शब्द चुकला नव्हता. परीक्षकांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला हे कुणी पढवलं?"

"पढवलं नाही जी, समजावलं." आणि त्यानं अभिमानानं हात केला. "ह्याच बाईनं!"

मी मान खाली घालून माझ्या पेशंटची नाडी मोजत होते. मला वाटलं आता सिंधू काहीतरी सारवासारव करेल, नाही म्हणेल, ओळखत नाही म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. ती म्हणाली, "हो सर. वॉर्डात होते तेव्हा मीच सांगितलं त्यायले. तीनदा सांगितलं, तेव्हा त्यायले समजलं." आणि हसली! परीक्षकांना वाटलं पोरगी आपली थट्टा करते. केस आधीपासून फोडलेली, पेशंट फितवलेला, असं म्हणून त्यांनी तिला नापास केलं. आमचे चीफ मधे पडले, पण बाहेरच्या परीक्षकापुढे त्यांचं काही चाललं नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी पोटभर जेवले. मेडल माझं, जागा माझी. सिंधूच्या खोलीवरून जाताना पाहिलं तर ती लक्ष्मणचीच गोष्ट मुलींना रंगवून सांगत होती, "काय सांगितलं बाप्पा त्यानं! माह्याहून चांगलं सांगितलं," आणि मुली डोळे पुसत हसत होत्या. मेडल मिळून मी एकटी होते, आणि नापास होऊन हिच्याकडे जत्रा! सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि म्हणे माझ्याहून जास्त मार्क घेऊन पास झाली. पण त्या परीक्षेच्या मार्कांना मेडल नसतं, आणि तोवर जागा भरलेली होती.

मी एम.डी. झाले, लग्न झालं, मीनल झाली. सिंधूनं नागपूरच्या नंदनवन भागात दवाखाना टाकला, तिकडे वस्ती नुकती वाढत होती तेव्हा. लग्न केलं नाही. तिचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर बाकडं, आणि आत प्रत्येक पेशंटला अर्धा तास. कमाई काय होणार कपाळ! मला वाटलं, चला, आता हिचा विषय संपला. कसला संपतो! माझ्या ओपीडीत एक बाई यायची, साखरेचा आजार, चार वर्षं माझंच औषध घेत होती. एकदा ती म्हणाली, "बाई, तुमची चिठ्ठी घेऊन मी ढोबळेबाईकडं जाऊन येते, मंग औषध आणते."

"का? ती औषध बदलून देते?"

"नाही वो. ते म्हनते, शालूनं बरोबरच लिहिलं, तेच घ्या. फक्त काहून घ्यायचं ते समजावते."

ती एकटी असती तर सोडून दिलं असतं. हळूहळू कळलं, माझ्या पेशंटांत हा रिवाजच पडला होता. चिठ्ठी माझी, आणि ती समजून घ्यायला नंदनवन. सिंधूनं कधी माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही, हे त्यातलं सगळ्यात झोंबणारं. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. लहानपणी मीनलला ताप आला की औषध मी द्यायचे, आणि ताप का येतो हे ती सिंधूकडून ऐकून यायची. आत पांढऱ्या शिपायांची लढाई चालू आहे, असं सांगायची मला. मी म्हणायचे, गोळी घे आणि झोप.

तर मीनल तिच्याकडे जाऊ लागली. दुपारी लूना घेऊन जायची, दिवेलागणीला परत. मी विचारायचे नाही आणि ती सांगायची नाही. पण पहाटेचं रडणं थांबलं. एकदा मी सहज तिच्या दारावरून जात होते, तर ती पुस्तक मिटून भिंतीशी बोलत होती, हात हलवून हलवून. अगदी सिंधूची नक्कल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी मनात देवाला म्हटलं, पास कर रे बाबा हिला, कुणामुळेही होऊ दे.

पास झाली. नुसती पास नाही, चांगल्या मार्कांनी. निकाल मला कॉलेजातल्या कारकुनानं सांगितला. मी पेढे घेतले आणि घरी धावले, तर घराला कुलूप. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पोरगी नोटिसबोर्डावरून थेट नंदनवनला गेली होती.

पेढ्याचा पुडा घेऊन मीही गेले. दवाखान्याची वेळ नव्हती, बाहेरचं बाकडं रिकामं. आतून मीनलचा आवाज येत होता. दारात उभी राहून पाहते तर दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे टेबलावर पाण्याचा पेला उलटा पडलेला आणि मीनल त्या सांडलेल्या पाण्यात बोटानं काहीतरी काढत होती. निकालाचा आनंद वगैरे सगळं साजरं होऊन गेलेलं दिसत होतं. पुढच्या वर्षाचा विषय सुरू झाला होता, मेडिसिन. माझा विषय! हृदय थकलं की पाय का सुजतात, ते ती सांगत होती, आणि सिंधू हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. केस पार पांढरे झाले होते तिचे. माझ्या मुलीचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी तसा पाहिला नव्हता. गाल लाल, डोळे चमकताहेत, शब्दाला शब्द लागतोय, आणि चुकलं की स्वतःच हसतेय.

मला पाहताच ती उठली. "आई! अगं, मला समजलं! थांब, तुला सांगते, बस इथे." आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून तिनं बोट परत पाण्यात टेकवलं.

वीस वर्षं मी हा विषय शिकवला होता. तोंडातून निघून गेलं. "मला माहीत आहे गं ते."

एवढंच. रागानं नाही, प्रेमानंच म्हटलं. पण मीनलचं बोट पाण्यात तिथल्या तिथे थांबलं. "हो, तुला माहीत असणारच," ती म्हणाली, आणि रुमाल घेऊन टेबल पुसायला निघाली. मला ते शब्द परत घ्यायचे होते. नाही माहीत, सांग, असं म्हणायचं होतं.

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत ना राग, ना जिंकल्याचा आव. असता तर बरं झालं असतं. तिनं मीनलचा रुमालाचा हात धरला आणि तिला खाली बसवलं. "पुसू नको वं. तुह्या आईले माहीत असन, ते प्रोफेसर हाये. मले कुठं माहीत हाये? पायाचं सांगत होती ना तू? सांग."

मीनल माझ्याकडे पाठ करून बसली आणि सांगू लागली. आधी दबकत, मग पूर्वीसारखी. सिंधू मान हलवत राहिली. पेढ्याचा पुडा मी बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि ओढलेल्या त्या खुर्चीत बसून राहिले.